गाठीभोवतीचं वलय

नाझिकला स्कॅनसाठी खाली आणलं तेव्हा तिच्या आधी वास आत आला. उग्र, खवट, पावसात भिजलेल्या जनावराच्या अंगाला येतो तसा. मी काचेपलीकडे यंत्रासमोर बसले होते, तरी तो दाराच्या फटीतून माझ्यापर्यंत पोचला आणि सकाळचा चहा घशाशी आला. वास पोरीचा नव्हता. तिच्या चाकाच्या खुर्चीमागे तिची आई उभी होती, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, आणि तिच्या काखेत एक काचेची बरणी होती. बरणीत पिवळट, थिजलेलं काहीतरी होतं, आणि त्यात रोवलेला चमचा तसाच उभा होता.

ती बरणी काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कुत्र्याची चरबी. आमच्याकडे कुणाच्या छातीत डाग निघाला की गावाकडचा कुणी ना कुणी ती घेऊन बिश्केकला येतोच. कोमट दुधात चमचाभर घालून पाजतात आणि रोग्याने तोंड वाकडं केलं तर त्यालाच ओरडतात. लहानपणी माझ्या मावशीला पाजताना मी पाहिलं होतं. तेव्हापासून तो वास आला की मला आधी तोंडावर हात ठेवावा लागतो.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "आपा, हे बाहेर बाकावर ठेवा. आत नको."

"चोरलं तर?"

"कोण चोरेल हे?"

पोर खुर्चीत हसली. हसताना तिला खोकला आला आणि खोकताना तिने बरगड्या दाबून धरल्या. तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता. ओठांच्या कडा फुटलेल्या होत्या, पण डोळे मात्र चांगलेच शाबूत होते, थट्टेखोर. ती डोंगरातल्या कोच्कोर गावची. नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, नक्षीदार गालिचे शिवायची. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि औषधांनी रोगाबरोबर तिच्या पांढऱ्या पेशीही पार पुसून टाकल्या होत्या. अशा माणसाला ताप आला आणि तो कसल्याच इंजेक्शनला दाद देत नसला की आम्ही छातीचा सीटी स्कॅन काढतो.

आई, तिचं नाव सोनुन, मला म्हणाली की मोठ्या डॉक्टरांनी क्षय सांगितलाय आणि क्षयाला चरबीसारखं दुसरं काही नाही. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या रक्तविकार विभागाचे प्रमुख, ओमुर्बेक तोकोयेविच. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरायचा, भुवई वर करायची आणि 'क्षय' म्हणून पुढच्या खाटेकडे जायचं, अशी त्यांची पद्धत. आमच्या देशात क्षय इतका आहे की दहातल्या काही वेळा ते बरोबरही निघतात.

नाझिक यंत्रात सरकली. मी तिला श्वास धरायला सांगितलं. तिला तो नीट धरता येईना, तरी चित्रं बरी आली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गाठ होती, अक्रोडाएवढी, घट्ट आणि पांढरी. तिच्याभोवती धुरकट वलय होतं. हिवाळ्यात आमच्या शहरावर कोळशाचा धूर बसलेला असतो तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याभोवती जसा पुसट गोल दिसतो, तसंच. डाव्या बाजूला खाली आणखी एक होती, लहान, पण वलय तसंच.

ते वलय म्हणजे रक्त. बुरशी श्वासातून आत जाते. तुमच्या माझ्या आत रोज जाते आणि आपल्या पांढऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. पेशीच नसल्या की ती रुजते, रक्तवाहिनीत शिरते, आतून तिचं तोंड बुजवते. मग पलीकडचं फुप्फुस मरतं आणि त्या मेलेल्या गोळ्याच्या कडेने रक्त पाझरत राहतं. पडद्यावर ते दिसायला सुंदर दिसतं, हे मला कायम किळसवाणं वाटत आलंय. जिवंत माणसाच्या आत काहीतरी कुजतंय आणि त्याला चंद्रासारखं खळं पडलंय.

क्षयही कधीमधी असली नक्कल करतो. पण पेशी शून्यावर आलेल्या पोरीत, तापाच्या पहिल्याच आठवड्यात, असं वलय दिसलं तर आधी बुरशी धरायची आणि औषध सुरू करायचं, मग पुरावा शोधत बसायचं. कारण हे वलय टिकत नाही. थोड्याच दिवसांत ते विरून जातं आणि मग उरते ती कसलीही असू शकणारी एक गाठ. मी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं आणि तो घेऊन स्वतःच वर गेले.

ओमुर्बेक तोकोयेविच चहा पीत होते. टेबलावर जर्दाळूचा मुरंबा होता आणि त्यांच्या मिशीवरही थोडा होता. त्यांनी अहवाल वाचला, बाजूला ठेवला, आणि मला बसायलाही न सांगता म्हणाले की तुम्ही परदेशातला तो अभ्यासक्रम करून आल्यापासून तुम्हाला सगळीकडे बुरशी दिसते.

"सगळीकडे नाही. हिच्यात दिसते," मी म्हटलं.

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. पोर तशीही फार दिवसांची नाही. क्षयाची औषधं सरकार देतं, बुरशीचं चांगलं औषध इस्तंबूलहून मागवावं लागतं. क्षय म्हटलं की तिला क्षयरोग रुग्णालयात हलवता येतं, खाट मोकळी होते. आणि काही बरंवाईट झालंच तर ते आपल्या विभागात होत नाही. हे शेवटचं वाक्य ते मुरंब्याचा चमचा चाटत म्हणाले. मला त्यांच्या जिभेकडे बघवेना.

"तर तुम्ही अहवालात फक्त एवढं घाला, की क्षयाची शक्यता अधिक. बाकी तुमची बुरशीही राहू दे खाली कुठेतरी."

"मला क्षय दिसला नाही. न दिसलेलं मी लिहिणार नाही."

"जिपार एसेनोव्ना, तुम्ही चित्रं बघता. माणसं मी बघतो."

हे मात्र मला लागलं, कारण खरं होतं. आम्ही चित्रवाले माणसं फारशी बघत नाही. यंत्रात सरकतात, बाहेर येतात, जातात. तिथून निघाले ती खाली न जाता सरळ वॉर्डात गेले.

नाझिकच्या खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीजवळची तिची, दाराजवळ बुरुलसून नावाची एक बाई, शाळेत स्वयंपाक करणारी, तिलाही तोच कर्करोग. खोली थंड होती. खिडकीखालची भिंत हाताला ओलसर लागत होती आणि रंगाला फुगे आले होते. अशा रोग्यांना जी स्वच्छ हवेची खोली लागते ती आमच्याकडे कागदावर आहे. नाझिकच्या खाटेवर रुग्णालयाच्या गादीवर आणखी एक जाड तोशोक अंथरलेला होता, मेंढीच्या लोकरीने भरलेली घरची गादी, वर लाल-जांभळं मखमल, कडेला हाताने घातलेली नक्षी. सुरेख होता. त्याचा भिंतीकडचा कोपरा भिंतीला टेकला होता.

विभागातला तरुण डॉक्टर तिलेक तिथेच तिचा ताप बघत होता. त्याने मला पाहिलं आणि गोंधळला. चित्रवाली वर कशी, असं त्याला वाटलं असणार. मी त्याला म्हटलं की हिला जरा खुर्चीत बसव. मग तोशोकचा कोपरा उचलला.

खालची बाजू हिरवट-करडी झाली होती. नुसते डाग नव्हते, लव होती, मऊ, दाट, मांजराच्या पोटासारखी, आणि मी उचलल्यावर तिच्यातून भुकटी उडाली. ती खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगताना मला दिसली. ओल्या तळघराचा, सडक्या बटाट्याचा वास नाकात भरला. मी श्वास रोखला, पण तोवर एक घोट आत गेला होता. मी कोपरा हळूच खाली ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. मागे तिलेकने दोघी बायकांना खोलीबाहेर न्यायला सुरुवात केली होती. पोरगा घाबरट होता, पण मूर्ख नव्हता.

सोनुन आपा बेसिनपाशी आली. तिला काय झालं ते कळत नव्हतं.

"घाण झालाय का तो? मी उन्हात टाकते."

"आपा, हा कधी आणलात?"

तिने सांगितलं की पोरीला इथे भरती केलं तेव्हाच. खाटेची गादी पापुद्र्याएवढी, खालून लोखंड टोचायचं, पोरीची हाडं वर आलेली. हा तोशोक तिने नाझिकच्या लग्नासाठी भरला होता. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर, स्वतः धुतलेली, स्वतः पिंजलेली. रात्री पोर थंडीने कुडकुडायची म्हणून तिने तो भिंतीपर्यंत ओढून अंथरला होता. परिचारिकांनी अडवलं नाही, उलट कौतुक केलं. आणि मोठे डॉक्टर रोज सकाळी फेरीला आले की त्याच्यावरच बसायचे.

"कोण बसायचे?"

"ते मिशीवाले. म्हणायचे, आपा, तुमच्या तोशोकवर बसलं की घरी आल्यासारखं वाटतं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला त्यांची पँट डोळ्यांसमोर आली, आणि त्या पँटने ते पुढच्या खाटेवर, त्याच्या पुढच्या खाटेवर बसताना दिसले.

आईला मी काय सांगणार होते? तू पोरीला मऊ अंथरलंस आणि तिच्या नाकाखाली विष पेरलंस? मी एवढंच म्हटलं की भिंतीतून पाणी झिरपतंय, भिंतीने तो नासवलाय, चूक भिंतीची आहे. पण मेंढ्या पाळणाऱ्या बाईला ओल्या लोकरीचं काय होतं ते ठाऊक असतं. तिने तो तोशोक स्वतः प्लास्टिकमध्ये गुंडाळला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि मागच्या आवारात नेऊन जाळला. लोकर पटकन जळत नाही. दुपारभर सगळ्या इमारतीत केस जळाल्याचा वास पसरला होता.

दोघींना दुसऱ्या खोलीत हलवलं. मी ओमुर्बेक तोकोयेविचना म्हटलं की बुरुलसूनचाही स्कॅन काढू, ती त्याच हवेत झोपली होती. ते म्हणाले, तिला ताप नाही, ताप नसलेल्या बाईचा स्कॅन काढायला यंत्र काय बाजारात मिळतं का? आणि नाझिकच्या हलवण्याच्या कागदावर त्यांनी त्याच दिवशी सही केली.

पण क्षयरोग रुग्णालयवाले आमचा अहवाल बघितल्याशिवाय कुणाला घेत नाहीत. तिथल्या एका डॉक्टरबाईचा मला फोन आला. आवाज थकलेला, तोंडात काहीतरी चावत बोलत होती.

"तुमचे साहेब क्षय म्हणतात, तुम्ही बुरशी लिहिलंय. मी कुणाचं ऐकू?"

"कुणाचंच ऐकू नका. चित्रं पाठवते, बघा."

तिने बघितली. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. म्हणाली, "ही मी घेत नाही. पेशी नसलेली पोर माझ्या वॉर्डात टाकलीत तर तिला खरोखरचा क्षय होईल. साहेबांना सांगा, त्यांचं दुखणं त्यांनीच बघावं."

हे मी साहेबांना शब्दशः सांगितलं. मला त्यात आनंद झाला, हे कबूल करते.

आता पोर त्यांच्याच विभागात राहणार म्हटल्यावर त्यांनी तोडगा काढला. दोन्ही द्या, क्षयाचंही आणि बुरशीचंही, म्हणजे कुणाचंच मन मोडायला नको. त्यांच्या तोंडून तो शहाणपणाचा वाटला. यावेळी तिलेक बोलला. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला की क्षयाची ती लाल गोळी यकृताला असं काही पेटवते की इस्तंबूलचं औषध रक्तात टिकतच नाही, आल्या पावली संपतं. दोन्ही देणं म्हणजे बुरशीचं न देणंच.

"हे तुला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच. तिसऱ्या वर्षाला."

त्यानंतर साहेबांनी त्या पोरीच्या फेरीला जाणं बंद केलं, आणि निर्णय आपसूकच तिलेककडे आला.

इस्तंबूलला नाझिकचा मावसभाऊ शिवणकारखान्यात कामाला होता. त्याने औषध मिळवून विमानाने येणाऱ्या कुणाबरोबर पाठवायचं ठरलं. तोवर आमच्या भांडारातलं जुनं औषध, शिरेतून द्यायचं. ते सुरू झालं की पोर खाट हलेल एवढी कापायची, दात वाजायचे, ओकायची. सोनुन आपा तिचं डोकं धरून बसायची. चरबीची बरणी तिने कुणाला न सांगता टाकून दिली होती. मी आता रोज वर जायचे. का जायचे ते मलाही सांगता आलं नसतं. त्या ओकारीच्या भांड्याचा वास मला सहन व्हायचा नाही, तरी जायचे.

इस्तंबूलच्या गोळ्या आल्या आणि सुरू झाल्या. त्या घेतल्यावर काहींच्या डोळ्यांपुढे थोडा वेळ रंग नाचतात. नाझिक मला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. तिने मला बोलावून सांगितलं, "एजे, भिंत हिरवी झालीय आणि तिच्या कडेला शेंदरी नक्षी पळतेय. एवढा घाणेरडा रंगमेळ मी जन्मात शिवला नसता." त्या वॉर्डात मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

दुसरा स्कॅन काढला तेव्हा गाठ वाढलेली होती. वलय गेलं होतं. साहेबांनी ते चित्र पाहिलं आणि पूर्ण विभागासमोर, चहाच्या वेळी, म्हणाले की जिपार एसेनोव्नाच्या बुरशीला जिपार एसेनोव्नाचं औषध भलतंच मानवलंय, धष्टपुष्ट झालीय. दोन-तीन जण हसले. तिलेक हसला नाही, पण त्याचा चेहरा उतरला.

मी चित्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. गाठीच्या वरच्या कडेला हवेची एक बारीक काळी कोर होती, चंद्रकोरीसारखी. मी त्यांना विचारलं की आज हिच्या पांढऱ्या पेशी किती आहेत ते कुणी बघितलंय का? तिलेकने सांगितलं की कालपासून वाढायला लागल्यात. तेच, मी म्हटलं. पेशी परतल्या की त्या मेलेला भाग कडेने कुरतडून वेगळा करायला लागतात, आणि त्या फटीत हवा शिरते. पहिले काही दिवस गाठ वाढते, औषध बरोबर असलं तरी वाढते. आकाराकडे बघू नका, कोरीकडे बघा. पोर लढायला लागलीय.

पण हेही मला ठाऊक होतं की याच वेळी धोका असतो. मेलेला तुकडा सुटताना शेजारची रक्तवाहिनी फाटली तर माणूस आपल्याच रक्तात बुडतो. तिलेकने छातीच्या शल्यविशारदाला सांगून ठेवलं, रक्त तयार ठेवलं. आईला आम्ही सांगितलं की खोकल्यातून रक्त आलं तर लगेच ओरडा.

ती ओरडली नाही. एका दुपारी ती खाली माझ्या खोलीत आली, रुमालाची पुरचुंडी दोन्ही हातांनी धरून, जसं पिल्लू आणावं तशी.

"पोरीने खोकून काढलं," ती म्हणाली. "थोडं रक्त आलं, थांबलं. डॉक्टरपोरगा तिच्यापाशी आहे. म्हणाला, हे तुम्हाला दाखवा."

तिने रुमाल टेबलावर उलगडला. आत अंगठ्याएवढा गोळा होता, करडा, काळसर रेषांचा, ओला, आणि त्याला रक्ताचा चिकट थर. वास असा, की मांस विसरून राहिलेलं भांडं उघडावं. मी खुर्ची मागे सारली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं. सोनुन आपाने मात्र त्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं. म्हणाली, "नमद्यासारखं लागतंय. धागे एकमेकांत गुंतलेत."

ते पोरीच्या फुप्फुसाचं मेलेलं मांस होतं आणि त्यात बुरशी विणली गेली होती. माझ्या टेबलावर, माझ्या चष्म्याशेजारी. एवढे दिवस मी ज्याची काळी-पांढरी सावली बघत होते ते हे होतं, आणि मला त्याच्याकडे सलग बघवत नव्हतं. मी ते बरणीत घालून तपासणीला पाठवलं. उत्तर आलं की सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेले बुरशीचे तंतू गच्च आहेत, क्षयाचा मागमूस नाही. रुमाल मी आपाकडून मागून घेतला आणि जाळायला दिला. टेबल तीनदा पुसलं, तरी संध्याकाळपर्यंत मला त्यावर कोपर टेकवेना.

त्याच आठवड्यात बुरुलसूनला ताप आला. आता साहेबांनी लगेच स्कॅनला पाठवलं. ती यंत्रात सरकताना मला म्हणाली की शाळा उघडायच्या आत सुटी द्या, तिथल्या नव्या बाईला भात करता येत नाही, मुलं चिखल खातायत. मी हो म्हटलं. मग पडदा उजळला. दोन्ही फुप्फुसांत वलयं होती, मोजणं मी थांबवलं. एक गाठ थेट हृदयाशेजारच्या मोठ्या वाहिनीला चिकटलेली. औषध त्याच तासाला सुरू झालं. नाझिकच्या आईने स्वतःच्या पोरीच्या गोळ्यांतल्या निम्म्या तिला दिल्या, आणि भाच्याला आणखी पाठवायला सांगितलं. दोन दिवसांनी नाश्त्याच्या वेळी बुरुलसूनच्या तोंडातून रक्त आलं आणि ते थांबलं नाही.

तिचा नवरा सामान न्यायला आला तेव्हा वाट चुकून खाली माझ्या दाराशी आला. उंच, वाकलेला माणूस, हातात तिच्या चपला. त्याने विचारलं, "आधी काढलं असतं तर दिसलं असतं का?"

"बहुतेक दिसलं असतं," मी म्हटलं. "मी मागितलं होतं. परवानगी मिळाली नाही."

"कुणाची?"

मी नाव सांगितलं. तो वर गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. आरडाओरड ऐकू आली नाही. परिचारिका सांगत होत्या की तो माणूस साहेबांच्या खोलीत नुसता उभा राहिला, चपला टेबलावर ठेवल्या आणि बऱ्याच वेळाने त्या उचलून निघून गेला.

यानंतर साहेबांनी हुकूम काढला: घरून आणलेली उशी, गादी, पांघरूण, काहीही वॉर्डात चालणार नाही. परिचारिकांनी म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या शालीसुद्धा ओढून काढल्या. आणि खिडकीखालच्या भिंतीला नवा रंग दिला, पोपटी. मी बघायला गेले. रंगाखालून पुन्हा फुगे यायला लागले होते. एक नखाने फोडला, आतून काळं पाणी ओघळलं. बोट मी किती वेळा धुतलं देव जाणे.

तशातच साहेबांनी मला बोलावलं. आवाज मधाळ. अल्माटीला परिषद होती. त्यांना तिथे नाझिकबद्दल बोलायचं होतं: 'आमच्या विभागात बुरशीचं वेळीच निदान'. चित्रं माझ्याकडे होती, सगळी, वलयापासून कोरीपर्यंत, नीट क्रमाने. ती हवी होती.

नाही म्हणायचं जिभेवर आलं होतं. मग मला ते काळं पाणी आठवलं.

"देते," मी म्हटलं. "माझं नावही नको. आधी ती भिंत फोडा. मागचा नळ बदला, पलस्तर काढा, आणि काम चालू असताना त्या मजल्यावर एकही रोगी ठेवायचा नाही. भिंत वाळलेली मी हात लावून बघेन, मग चित्रं."

"हा काय बाजार आहे?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या घृणेने पाहिलं. मला ते आवडलं, आता आम्ही बरोबरीत होतो.

भिंत फोडली. परिषदेची तारीख जवळ होती म्हणून काम भराभर झालं, सरकारी कामं होत नाहीत तसं. पलस्तर निघालं तेव्हा विटांवर कोपरापासून मनगटापर्यंत लांब असे काळे केसाळ चट्टे होते आणि नळाला चिंध्या बांधलेल्या होत्या, चिंध्याही कुजलेल्या. मजुरांतला एक बाहेर जाऊन ओकला. भिंत वाळायला वेळ लागला. मी हात लावला, कोरडी होती, चित्रं दिली. साहेब अल्माटीहून मानचिन्ह घेऊन आले. बुरुलसूनचा उल्लेख त्यांनी केला नव्हता. तिलेकने मला ते सांगितलं तेव्हा आम्ही कँटीनमध्ये होतो. मी लाग्मानचं ताट पुढे सरकवलं. शेवयांवर तेल थिजलं होतं.

वसंतात नाझिक तपासणीला आली. डोक्यावर कोवळे केस उगवले होते, कोकराच्या अंगावर असतात तसे कुरळे. आधी कधीच कुरळे नव्हते, असं ती म्हणाली. कर्करोगाची औषधं अजून चालू होती, पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. यावेळी तिने श्वास नीट धरला. उजव्या बाजूला एक रिकामी पोकळी होती, पातळ भिंतीची, आणि डाव्या बाजूला एक बारीक रेघ.

मी तिला पडद्यासमोर बसवून दाखवलं. सहसा मी दाखवत नाही. तिने पुढे वाकून बघितलं, मान तिरकी करून, नक्षी बघावी तशी.

"हे भोक राहणार का, एजे?"

"राहील. त्यात पुन्हा काही वाढू नये म्हणून बघत राहावं लागेल."

"किती वर्षं?"

"जगशील तितकी."

तिने मान हलवली. दाराबाहेर तिची आई कुणाशी तरी वाद घालत होती, रांगेत घुसलेल्या एका माणसाला ती चांगलाच फैलावर घेत होती. नाझिकने कान देऊन ऐकलं, मग शर्टाची बटणं लावायला घेतली आणि म्हणाली की आता निघते, नाहीतर आई त्या बिचाऱ्याला रडवेल.